जुनी मोटार, घरचे हात आणि वयाचा दंड

घराच्या अंगणात जुनी मोटार उभी करावी, सुटीच्या दिवसांत तिचा एकेक भाग सोडवावा, घासूनपुसून पुन्हा बसवावा आणि दोन-तीन वर्षांच्या खटाटोपानंतर ती रस्त्यावर आणावी, हा छंद इंग्लंड-अमेरिकेत सामान्य मध्यमवर्गीयाचा समजला जातो. तेथील शाळामास्तर किंवा कचेरीतील कारकून एमजी अथवा ट्रायम्फची दोन आसनी जुनी स्पोर्ट्स कार घेतो आणि स्वतःच्या हाताने तिला उभी करतो. आपल्याकडे मात्र हा विषय निघाला की संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस आणि मुंबईतील धनिकांच्या मिरवणुका आठवतात. सरकारचे नियमही याच समजुतीवर बेतलेले दिसतात, आणि खरी अडचण तेथेच आहे.

स्पोर्ट्स कार भारतात जवळजवळ बनलीच नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून असे ठरले की, टप्प्याटप्प्याने संपूर्ण उत्पादन येथेच करण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनीच मोटारी बनवाव्यात. मुंबईत १९२८ पासून जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने त्यानंतर गाशा गुंडाळला. प्रवासी मोटारींच्या धंद्यात मुख्यतः उरल्या त्या कलकत्त्याची हिंदुस्तान मोटर्स, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. परकीय चलनाचा पैसापैसा मोजणाऱ्या त्या धोरणात दोन आसनी मोटारीला जागा असणे शक्यच नव्हते. तथापि स्टँडर्डने १९६१ ते १९७१ या काळात बनविलेली हेराल्ड ही ट्रायम्फ हेराल्डचीच भारतीय आवृत्ती होती. आणि इंग्लंडात १९६२ साली निघालेली, आज शौकिनांच्या गळ्यातील ताईत असलेली ट्रायम्फ स्पिटफायर याच हेराल्डच्या सांगाड्यावरून बेतलेली. दोन्हींचे रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीने रेखाटले. म्हणजे मद्रासची हेराल्ड ही त्या स्पोर्ट्स कारची संसारात पडलेली थोरली बहीण म्हणावयास हरकत नाही. तिचे संपूर्ण बॉनेट पुढे कलते व इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळे होते. घरी काम करणाऱ्याला याहून सोयीची रचना क्वचितच मिळेल. तिच्या मागच्या चाकांची आडव्या कमानपाट्याची स्प्रिंग मात्र आपल्या रस्त्यांपुढे टिकली नाही. पुढच्या गॅझेल मोटारीत कंपनीला साधा आस घालावा लागला.

परंतु विदर्भातील घरी अशा कामासाठी हाती लागणारी मोटार बहुधा हेराल्ड नसते, फियाट असते. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनलेली ११०० डी, जिला १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले. तिचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन सामान्य बुद्धीच्या माणसाला समजते. पॉइंटमधील फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. ती एका पातळ पात्याने मोजता येते. कार्ब्युरेटर टेबलावर उघडून जेट फुंकरीने साफ होतो. कठीण आहे तो पत्रा. हेराल्डप्रमाणे या मोटारीला वेगळा सांगाडा नाही. भार पत्र्याच्या पेटीनेच उचलावयाचा असतो. त्यामुळे दारांखालची पट्टी किंवा तळ गंजला तर तो केवळ रूपाचा दोष राहात नाही, मोटारीचा कणाच मोडतो. भंडाऱ्यासारख्या भरपूर पावसाच्या, धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या जिल्ह्यात ताडपत्रीखाली चार पावसाळे काढलेली फियाट वरून धडधाकट आणि खालून चाळणी झालेली निघते. अशा ठिकाणी पुटीन भरणारा फसवतो. सडका पत्रा कापून नवा जोडणारा मोटार वाचवतो.

पत्रा ठोकणे म्हणजे एका बाजूने आधार धरून दुसऱ्या बाजूने हलक्या घावांनी धातूला जागेवर आणणे. ही विद्या भंडाऱ्याला परकी नाही. हे पितळी भांड्यांचे गाव. त्याच्या नावाचा संबंधही भाणे या शब्दाशी जोडला जातो. स्टील आणि प्लास्टिक आल्यावर हा धंदा खचत गेला, आणि धंदा गेला की हात किती लवकर जातात हे या गावाने पाहिले आहे. दुसरीकडे जवाहरनगरचा दारूगोळा कारखाना, वरठीचा पोलाद कारखाना, गडेगावचा अशोक लेलँडचा कारखाना यांनी जिल्ह्यात टर्नर, फिटर, वेल्डर आणले. महामार्गालगतच्या गॅरेजांतून संगणकाशिवाय इंजिनाचा आवाज ओळखणारे मिस्त्री तयार झाले. आज त्यांतले बरेच वयस्क आहेत, आणि त्यांच्या हाताखालच्या मुलाला कार्ब्युरेटर क्वचितच पाहावयास मिळतो. जुनी मोटार घरी दुरुस्त करणारा शिक्षक या मिस्त्रीकडे चार वेळा जातो, पैसे देतो, शिकतो. हा व्यवहार लहान आहे. पण ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जाण्याचा आणखी स्वस्त मार्ग कोणता?

अर्थशास्त्राच्या हिशेबात या श्रमाला स्थान नाही. मालकाने आपल्याच अंगणात घातलेले शेकडो तास राष्ट्रीय उत्पन्नात शून्य धरले जातात. मोलकरणीशी मालकाने लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, हा पिगूचा दाखला विद्यार्थी पाठ करतात. त्याच न्यायाने मोटार भंगारात देऊन नवी घेतली तर उत्पन्न वाढते आणि जुनी जपली तर जणू काही घडलेच नाही. मोजमापाची ही त्रुटी ग्रंथातच राहिली असती तर तक्रार नव्हती. ती धोरणात उतरली आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन-मोडीचे धोरण आले. खासगी मोटार वयामुळे नव्हे, तर तपासणीत नापास झाल्यास बाद ठरावी, हे त्याचे घोषित तत्त्व योग्यच आहे. परंतु १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांपुढील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार झाले, आणि २० वर्षांवरील मोटारींसाठी ते २०२५ मध्ये १० हजारांवर नेण्यात आले. महाराष्ट्राचा पर्यावरण कर २०१० पासून आहेच. मोडीचा दाखला दाखवणाऱ्याला नव्या मोटारीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत. पत्रा बदलून तपासणीत उत्तीर्ण होणाऱ्याला काहीच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या लहान मोटारीवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला. दुरुस्तीवरचा दरही तेवढाच. स्वीडनने २०१७ मध्ये सायकली, पादत्राणे, कपडे यांच्या दुरुस्तीवरील कर २५ वरून १२ टक्क्यांवर आणला होता. पुढे त्या देशाचे धोरण बदलले, हे खरे. पण दुरुस्तीला वेगळे वागवता येते हा विचार तरी तेथे झाला.

यावर कोणी म्हणेल की, जुन्या मोटारींसाठी जुलै २०२१ चे विंटेज नियम आहेत. आहेत खरे, परंतु कोणासाठी? मोटार ५० वर्षांहून जुनी हवी. नव्या नोंदणीला २० हजार रुपये. मग ‘व्हीए’ अक्षरांची पाटी लावून ती प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणावयाची. शिवाय सांगाडा, साटा किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. इंधन परवडेना म्हणून ज्याने आपल्या फियाटला डिझेल इंजिन जोडले, त्याची ती काटकसर, तोच या देशातील मोटारींचा खरा इतिहास, नियमाच्या दृष्टीने अपात्रता ठरते. १९९० ची पद्मिनी २०४० पर्यंत या वर्गात येणार नाही. तोवर तिने दंड भरत राहावे.

प्रदूषणाचा आक्षेप दुर्लक्षून चालणार नाही. या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. दर किलोमीटरमागे त्यांचा धूर नव्या मोटारीच्या कितीतरी पट घातक असतो. मात्र हवेत जाते ते एकूण धावेच्या प्रमाणात. रविवारी साकोलीपर्यंत जाऊन येणाऱ्या मोटारीला रोज धावणाऱ्या टॅक्सीच्या मापाने मोजणे हे शास्त्र नव्हे. उलट इंधनाचे ओझे जुन्या मोटारीवरच पडले आहे. शिसेविरहित पेट्रोल २००० सालापासून देशभर आले, तेव्हा झडपांच्या बैठका कठीण धातूच्या कराव्या लागल्या. आता २० टक्के इथेनॉल आले आहे. ते ओल शोषते, जुन्या रबरी नळ्या फुगवते. अन्न महामंडळाच्या गोदामातील तांदळापासूनही हे इथेनॉल बनते, म्हणजे धानाच्या जिल्ह्यातील मोटारीची नळी कदाचित तांदळानेच फुटत असेल! नळ्या बदलणे शंभर-दोनशे रुपयांचे काम असले, तरी गळकी नळी आग लावते. तेव्हा पंपावर कमी मिश्रणाचे पेट्रोल माफक दरात ठेवणे, किमान जिल्ह्याच्या ठिकाणी, ही मागणी चैनीची म्हणता येणार नाही.

केंद्राने वयाऐवजी तपासणीवर शुल्क ठरवावे, ही अपेक्षा दूरची आहे. राज्याच्या हाती मात्र दोन गोष्टी आजच आहेत. पर्यावरण कर राज्याचा स्वतःचा आहे. वर्षाला ठरावीक किलोमीटरपेक्षा कमी धावणाऱ्या आणि धुराच्या चाचणीत उत्तीर्ण होणाऱ्या खासगी मोटारीला त्यातून मोकळीक देता येईल. दुसरे, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळा संध्याकाळी कुलुपात असतात. भंडारा, तुमसर, साकोली येथे आठवड्यातून दोन संध्याकाळी त्या उघडून, एखाद्या निवृत्त मिस्त्रीला मानधन देऊन, पत्राकाम व कार्ब्युरेटरचा वर्ग चालवता येईल. वेल्डिंगचे यंत्र तेथे आहे, पत्रा कापण्याची कात्री आहे, आणि शिकवू शकणारी माणसे अद्याप हयात आहेत.