एक चक्कर

'स्केटिंग रिंक' म्हटलं, की तुम्हाला शहरातलं गुळगुळीत मैदान आठवत असेल. आमच्या डाळजला मात्र देवळापुढचा कोबा हीच आमची रिंक! पलीकडे पुणे-सोलापूर महामार्ग, म्हणून रस्त्यावर जायला सक्त मनाई. पुण्याच्या मामानं मला जुने लोखंडी स्केट्स दिले होते. बुटांवरून पट्टे आवळायचे नि सुटायचं. घर्रर्र आवाज अख्ख्या आळीला!

ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली एक मुलगी रोज कडेला उभी असायची. "एक चक्कर मारू दे की गं!" मी म्हणायचे, "उद्या." मार्चमध्ये हंगाम संपला. एका सकाळी बघते, तर कोप्या रिकाम्या. माझा 'उद्या' तसाच राहिला.

२ ऑक्टोबर २०२३ला हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताच्या मुलींनी आणि मुलांनी स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेत कांस्यपदकं पटकावली. या रिलेत हातात बॅटन नसतो. धावून आलेला खेळाडू पुढच्याला हातानं ढकलतो, की त्याची चक्कर सुरू! ते पाहिलं आणि कोब्याच्या कडेची ती मुलगी आठवली.

आता माझ्या वर्गात नियम आहे, नव्या वस्तूला पहिला हात कडेला उभ्या असलेल्याचा. तुमच्या सायकलकडे कोण बघत उभं आहे? त्याला आजच एक चक्कर द्या. उद्या नको हं!