शपथ आस्तिकाची, दृढकथन नास्तिकाचे

नास्तिकाला न्यायालयात धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यावी लागते काय, असा प्रश्न निघाला की आपल्याकडचे सुशिक्षित लोक दोनच उत्तरे देतात. पहिले उत्तर चित्रपट पाहून तयार झालेले असते : होय, लाल कापडात गुंडाळलेली गीता समोर येते आणि तिच्यावर हात ठेवावाच लागतो. दुसरे उत्तर कायदा थोडाफार ठाऊक असणाऱ्यांचे : छे, तसे बंधन कुठेच नाही, ज्याला देव नको त्याला पर्याय आहे, तेव्हा तक्रारीला जागाच नाही. पहिले उत्तर चूक आहे हे दाखवायला फार श्रम पडत नाहीत. आमचे भांडण दुसऱ्या उत्तराशी आहे. ते बरोबर आहे पण अपुरे आहे, आणि बरोबर असल्यामुळेच त्याच्या अपुरेपणाकडे कुणाचे लक्ष जात नाही.

आधी वस्तुस्थिती. कंपनी सरकारच्या न्यायालयांत हिंदू साक्षीदाराच्या हाती गंगाजल आणि मुसलमान साक्षीदाराच्या हाती कुराण देण्याची रीत होती. ती १८४० च्या कायद्याने मोडली आणि तिच्या जागी सर्वशक्तिमान ईश्वराच्या उपस्थितीत केलेले गंभीर कथन आले. पुढे १८७३ चा भारतीय शपथ अधिनियम आला, आणि विधी आयोगाच्या १९६५ सालच्या अठ्ठाविसाव्या अहवालानंतर १९६९ चा शपथ अधिनियम. या शेवटच्या अधिनियमाच्या पाचव्या कलमानुसार साक्षीदार शपथेऐवजी प्रतिज्ञेवर साक्ष देऊ शकतो, आणि त्यासाठी कारण सांगण्याची अट नाही. गीतेचा त्यात उल्लेखही नाही.

मग कुरकुर कशाची? आमच्यापैकी एकाला काही वर्षांपूर्वी एका दिवाणी दाव्यात साक्षीसाठी उभे राहावे लागले. लिपिकाने सवयीने देवाच्या शपथेचे वाक्य एका दमात म्हटले आणि साक्षीदाराने ते आपल्या मागून म्हणावे म्हणून थांबला. 'मी ईश्वराच्या नावाने शपथ घेणार नाही, प्रतिज्ञा करीन,' एवढेच आमचा मित्र म्हणाला. काही क्षण कामकाज अडले, कागद शोधला गेला, मागच्या बाकांवरची माणसे मान उंचावून पाहू लागली. कुणी अडवले नाही. पण उलटतपासणीला उठलेल्या वकिलांचा पहिलाच प्रश्न होता : 'आपण देव मानत नाही, मग खोटे बोलायला आपल्याला भीती कुणाची?' न्यायाधीशांनी प्रश्न अप्रस्तुत ठरवला. तो नोंदला गेला नाही. ऐकला मात्र सगळ्यांनी. आस्तिकाला आपली श्रद्धा मनात ठेवून साक्ष देता येते; नास्तिकाला आधी आपली अश्रद्धा भरसभेत जाहीर करावी लागते, तेव्हा त्याची साक्ष सुरू होते. ज्याला आपण पर्याय म्हणतो त्याची ही किंमत आहे.

वकिलांचा प्रश्न त्यांच्या डोक्यातून निघालेला नव्हता, तो पावणेतीनशे वर्षांचा जुना आहे. १७४४ साली इंग्लंडच्या चान्सरी न्यायालयापुढे ओमिचंद विरुद्ध बार्कर हा खटला आला. कलकत्त्यात हिंदू साक्षीदारांनी ब्राह्मणाच्या पायाला हात लावून शपथ घेतली होती; ती साक्ष ग्राह्य धरावी काय, हा वाद होता. न्यायालयाने ती ग्राह्य धरली, आणि या निकालाचे औदार्य म्हणून कौतुक होते. कौतुक करणाऱ्यांनी त्यातला तर्क जरा न्याहाळावा. देव कोणता याला महत्त्व नाही, तो खोटे बोलणाऱ्याला शिक्षा करतो अशी साक्षीदाराची खात्री असली म्हणजे झाले! याचा अर्थ, जगातल्या यच्चयावत भयांना न्यायालयाचे दार उघडले. भय नसलेल्या माणसाला मात्र ते बंदच राहिले.

त्या बंद दाराशी सर्वांत चिवटपणे झगडला तो चार्ल्स ब्रॅडलॉ. १८८० साली नॉर्दॅम्प्टनमधून तो ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आला आणि शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्यावी अशी त्याने मागणी केली. ती नाकारली गेली. बरे, मग शपथ घेतो, असे तो म्हणाला. तर नास्तिकाची शपथ निरर्थक म्हणून तीही नाकारली! २३ जून १८८० रोजी त्याला पार्लमेंटच्याच घड्याळाच्या मनोऱ्यात कैदेत ठेवण्यात आले. मतदारांनी त्याला पोटनिवडणुकांत पुन्हापुन्हा निवडून दिले. १८८२ साली त्याने खिशातून बायबलचा नवा करार काढून स्वतःच स्वतःला शपथ दिली, तर त्याची जागा रिकामी ठरवण्यात आली. १८८३ साली ग्लॅडस्टनसारख्या श्रद्धाळू ख्रिस्ती पंतप्रधानाने प्रतिज्ञेची मुभा देणारे विधेयक पाठीशी घालूनही ते तीन मतांनी पडले. अखेर १८८६ साली ब्रॅडलॉला जागा मिळाली आणि १८८८ साली त्याच्याच खटपटीने शपथांचा कायदा बदलला. त्याच वर्षी पुण्यात आगरकरांचे 'सुधारक' निघाले, हा योगायोग आम्हाला अर्थपूर्ण वाटतो. पुढच्या वर्षी ब्रॅडलॉ मुंबईला काँग्रेसच्या अधिवेशनाला आला, आणि १८९१ साली त्याच्या अंत्यविधीला लंडनमध्ये शिकणारा मोहनदास गांधी नावाचा तरुण हजर होता. एका नास्तिकाच्या अंत्ययात्रेत तो आस्तिक तरुण चालला. त्याच्या शब्दाचे वजन ठरवायला त्याला ब्रॅडलॉच्या देवाची चौकशी करावी लागली नाही.

आमच्या म्हणण्याला सर्वांत मोठा आधार खुद्द १९६९ च्या अधिनियमाचा आहे. बारा वर्षांखालच्या मुलाला खरे बोलण्याचे कर्तव्य कळते पण शपथेचा अर्थ कळत नाही, असे न्यायालयाचे मत झाले तर त्याची साक्ष शपथेवाचून घेता येते. शपथ राहून गेली तरी साक्ष रद्द होत नाही. साक्ष देणारा प्रत्येक माणूस खरे सांगण्यास बांधलेला आहे, असे आठवे कलम वेगळे सांगते. आणि खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंतची कैद पूर्वी दंड संहितेच्या १९३ व्या कलमात होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या २२९ व्या कलमात आहे. ती ईश्वरसाक्ष बोलणाऱ्यालाही तेवढीच आणि निरीश्वर बोलणाऱ्यालाही तेवढीच. म्हणजे कायद्याचा भरवसा देवावर नाहीच, तो तुरुंगावर आहे. मग देवाला त्या वाक्यात कशासाठी उभे करायचे?

आता भाषेविषयी, कारण या पानाचे वाचक भाषेचे लोक आहेत. राज्यघटनेच्या तिसऱ्या परिशिष्टात दोन पर्याय एकाखाली एक छापलेले आहेत. मराठीत वरच्या ओळीत 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो', खालच्या ओळीत 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. शपथ, आण, भाक, वचन हे शब्द आपल्या ओव्यांत, बखरींत, भांडणांत आणि प्रेमात मुरलेले आहेत. 'दृढकथन' हा शब्द कुणा आईने मुलाला, कुणा मित्राने मित्राला कधी उच्चारला आहे काय? आस्तिकाच्या वाट्याला जिवंत मराठी आली, नास्तिकाच्या वाट्याला भाषांतर विभागाची. गंमत अशी की नेमका शब्द प्रत्येक मराठी मुलाच्या तोंडी आहे. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेल्या प्रतिज्ञेत देवाचे नाव नाही, आणि त्यामुळे तिचे गांभीर्य उणे झाल्याची तक्रार आम्ही ऐकलेली नाही.

साहित्याने या बाबतीत काय केले? बहुतेकांनी चित्रपटातली गीता उचलून कथेत ठेवली. अपवाद तेंडुलकरांचा. 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकातल्या खोट्या खटल्यात साक्षीदार हात ठेवतो तो ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशावर. वर्गात हा विनोद म्हणून शिकवला जातो. पण त्या शब्दकोशावर हात ठेवणारी माणसे पुढे काय करतात ते पाहा : एक जण कादंबरीतली वाक्ये साक्ष म्हणून म्हणतो, आणि सगळे मिळून एका बाईला उद्ध्वस्त करतात. तिथे गीता असती तर बेणारे वाचली असती काय? हात कुठे ठेवला यावरून तोंडातून काय निघणार ते ठरत नाही, हे तेंडुलकरांनी १९६७ सालीच दाखवून ठेवले आहे.

कुणी म्हणेल, बहुसंख्यांना ईश्वराच्या नावाने बळ येते, ते त्यांच्याकडून का काढून घेता? आम्ही काहीच काढून घेत नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात चढताना कुणीही मनात आपल्या देवाचे नाव घ्यावे. ते थांबवण्याचा अधिकार कुणालाच नाही. राज्याने मात्र ते नाव आपल्या छापील नमुन्यात घालू नये. शिवाय शपथेवाचून साक्ष देण्याची सवलत इंग्लंडमध्ये प्रथम मिळवली ती नास्तिकांनी नव्हे, क्वेकर पंथाच्या अतिशय धार्मिक लोकांनी, सतराव्या शतकाच्या अखेरीस. शपथेवर बोलायचे म्हणजे एरवीचे बोलणे खोटे ठरवायचे, हे त्यांच्या धर्मबुद्धीला पटत नव्हते. आपल्याकडेही घटनेची प्रास्ताविका ईश्वराच्या नावाने सुरू करावी ही ह. वि. कामतांची सूचना १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ६८ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळली गेली. ती फेटाळणारे सारे नास्तिक होते असे कुणी म्हणणार नाही.

म्हणून आमची मागणी आणखी एका पर्यायाची नाही. मागणी एका वाक्याची आहे : मी खरे सांगेन, पूर्ण सांगेन, आणि खोटे सांगितल्यास शिक्षेला पात्र राहीन, अशी प्रतिज्ञा करतो. हे वाक्य सर्वांना एकच असावे. मग लिपिकाला दुसरा कागद शोधावा लागणार नाही आणि मागच्या बाकांवरच्या कुणाला मान उंचावावी लागणार नाही. आमच्या मित्राला विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तरही देऊन ठेवतो. भीती कायद्याची आहे, ती सर्वांनाच आहे. त्यापलीकडे जे उरते ते ज्याच्या त्याच्या सचोटीवर. आणि सचोटी तपासण्याचे काम उलटतपासणीचे आहे, शपथेचे नाही.