गोल रंगवला, कारण विचारायचं राहिलं

प्राथमिक शाळेतली शिष्यवृत्ती परीक्षा 300 गुणांची. त्यात बुद्धिमत्ता चाचणीला 100 गुण आणि प्रथम भाषेला 50. म्हणजे मुलाच्या शाळेतल्या भाषेपेक्षा दुप्पट वजन आपण या चाचणीला देतो. एवढं वजन द्यायचं, तर ती नेमकं काय मोजते हे विचारायलाच हवं. जव्हार तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी मुलांकडून या परीक्षेची तयारी करून घेते. माझं मत असं झालंय की त्यातले शब्दांवर बेतलेले प्रश्न मुलाच्या विचाराइतकंच त्याचं घरही मोजतात.

सरावाला एक प्रश्न घेतला होता, वेगळे पद ओळखण्याचा. गाजर, मुळा, रताळे, बटाटा. उत्तर बटाटा, कारण बाकीची मुळं आणि बटाटा हे खोड. घरी वारली बोलणाऱ्या एका मुलीने मुळा निवडला. का, विचारलं तर म्हणाली, "बाई, मुळ्याचा पाला आपण भाजीत खातो. बाकीच्यांचा गुरांना घालतो." तिने चारही वस्तूंना एकच कसोटी लावली आणि तिच्यावर ठाम राहिली. तर्क म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? पण उत्तरसूचीत तिला शून्य. बटाटा खोड आहे ही माहिती झाली. ती विज्ञानाच्या पेपरात विचारा, माझी काही हरकत नाही.

1931-32 मध्ये मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांकडे असेच प्रश्न घेऊन गेले होते. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका, यातलं वेगळं काय? ओंडका बाजूला काढायला अनेकांनी नकार दिला. लाकूडच नसेल तर करवत काय कामाची! लुरियांनी हा विचार अनुभवाला बांधलेला मानला. मला त्यात जास्त मोलाचं वाटतं ते हे, की त्यांनी 'का' विचारलं आणि आलेली उत्तरं लिहून ठेवली.

मुलांचं असं ऐकून घेणं आपल्याकडेही झालंय. बिने यांची बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवण्याचं काम वि. वि. कामतांनी केलं. ती चाचणी एकेका मुलाला समोर बसवून घ्यायची असते, मूल काय बोलतं ते ऐकावंच लागतं. शिष्यवृत्तीच्या पेपरात मात्र 90 मिनिटांत 75 प्रश्न. एका प्रश्नाला सव्वा मिनिटही येत नाही. अशा घाईत विचार करण्यापेक्षा प्रश्नाचा साचा ओळखणारा पुढे जातो, आणि साचे पाठ करून घेणारे क्लास शहरात आहेत, आमच्या पाड्यावर नाहीत.

लाखो मुलांची कारणं तपासता येणार नाहीत, हे मला मान्य आहे. परीक्षा बंद करा असंही मी म्हणत नाही. शिष्यवृत्तीची रक्कम आणि हे कौतुक आमच्या मुलांना हवंच आहे. पण पेपर छापण्याआधी प्रश्न तपासण्याची एक जुनी, रुळलेली रीत आहे. एकूण गुण सारखे असलेली वेगवेगळ्या भागांतली मुलं घ्यायची. एखाद्या प्रश्नात त्यातल्या एकाच भागाची मुलं अडत असतील, तर दोष मुलांचा नसतो, प्रश्न संशयास्पद ठरतो. आज ही परीक्षा घेणारी परीक्षा परिषद अंतरिम उत्तरसूची जाहीर करून आक्षेप मागवते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण आक्षेप असतो तो काहीतरी चुकल्याचा. उत्तर बरोबर आणि प्रश्न अन्याय करणारा असेल, तर ते कुठे सांगायचं?

म्हणून शब्दांवरचा प्रत्येक प्रश्न आधी जव्हार, धडगाव, भामरागड अशा आदिवासी तालुक्यांतल्या थोड्या मुलांना तोंडी विचारावा आणि त्यांची कारणं लिहून घ्यावीत. दुसऱ्या पर्यायालाही पटणारं कारण मिळालं, तर तो प्रश्न पेपरात जाऊ नये. याला नवं यंत्र लागत नाही, मुलांची बोली समजणारे शिक्षक लागतात, आणि ते याच तालुक्यांत आज शिकवत आहेत.