हलके काम आणि लांबची बदली

सरकारी नोकरीच्या पगारपत्रकात स्त्री आणि पुरुष असे निरनिराळे दर नसतात, हे तिचे एक मोठे सुख मानले पाहिजे. कनिष्ठ लिपिक कोणीही असो, वेतनश्रेणी एक, वार्षिक वाढ एक, महागाई भत्त्याचा दर एक. या व्यवस्थेची आपल्याला इतकी सवय होऊन गेली आहे की, समान वेतनाचा प्रश्न या देशात केव्हाच निकालात निघाला, अशा समजुतीत आपण खुशाल असतो. परंतु दसरा-दिवाळीच्या सुमारास आपण चिकपेटेतल्या किंवा जयनगरातल्या ज्या दुकानांच्या पायऱ्या चढतो, त्यांतल्या कितीतरी दुकानांत हा प्रश्न सुटलेला नाही. तो घडी घालून फळीवर ठेवून दिलेला आहे.

कायद्याची उणीव आहे म्हणावे, तर तसेही नाही. पुरुषांना व स्त्रियांना समान कामाबद्दल समान वेतन मिळावे, हे संविधानाच्या एकोणचाळिसाव्या अनुच्छेदात मार्गदर्शक तत्त्व म्हणून नमूद आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा १९५१ चा समान वेतनाचा करार भारताने १९५८ साली मान्य केला. १९७५ च्या सप्टेंबरात अध्यादेश निघाला आणि १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. त्यात 'समान काम' एवढेच न म्हणता 'समान किंवा तत्सम स्वरूपाचे काम' अशी शब्दयोजना केली होती. कामाचे नाव बदलून दर बदलण्याची युक्ती धनिकांना सुचणार, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते असेच म्हणावे लागते.

ती युक्ती सुचलीही. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत लघुलेखनाचे काम करणाऱ्या स्त्रियांना 'गोपनीय लघुलेखिका' असे भारदस्त नाव होते आणि पुरुष लघुलेखकांपेक्षा वेतन मात्र कमी होते. ऑड्री डिकॉस्टा यांनी याविरुद्ध दाद मागितली. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती वेंकटरामय्या हे पूर्वी याच बंगळूरच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. विशिष्ट जागेवर स्त्रियाच दिसतात, कारण मालकांनी त्यांना तेथे बसविले आहे, आणि कंपनीची आर्थिक स्थिती ही काही कायदा न पाळण्याची सबब होऊ शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

आता हाच दिवा घेऊन कापडाच्या दुकानात शिरावे. गादीवर बसून साड्या उलगडणारा तो 'सेल्समन'. त्याच साड्यांच्या घड्या घालणारी, ब्लाउजपीस जुळवून देणारी, गिऱ्हाइकाच्या मुलीची समजूत घालणारी ती 'हेल्पर'. त्याचे काम कौशल्याचे, हिचे हलके! वस्तुतः एका गिऱ्हाइकाचा एकच सौदा दोघे मिळून पुरा करतात, आणि पुष्कळदा पसंतीचा शेवटचा शब्द तिच्या तोंडून निघतो. किमान वेतनाचे दर स्त्री-पुरुष पाहून ठरत नाहीत. ते कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गवारीने ठरतात. तेव्हा तिला खालच्या वर्गात नोंदविले की कायद्याचे अक्षर शाबूत राहते आणि पैसेही वाचतात.

या व्यवस्थेचे समर्थन करणारे सद्गृहस्थ आपल्यातही आहेत. पुरुषावर कुटुंबाचा भार असतो, स्त्रीची कमाई पूरक असते, असे ते म्हणतात. मग चार मुलांच्या बापाला ब्रह्मचाऱ्यापेक्षा अधिक पगार द्यावा, अशी मागणी ते का करीत नाहीत? आणि जिच्या एकटीच्या पगारावर घर चालते त्या विधवेला पुरुषाच्या दीडपट वेतन देण्यास त्यांची तयारी आहे काय? दुसरे म्हणणे असे की, पुरुष रात्री उशिरापर्यंत थांबतो. कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकाने व आस्थापनांविषयीच्या कायद्याने स्त्रियांना रात्रीचे काम मनाच होते; २०२० मध्ये ते काही अटींवर खुले झाले. जे काम करण्यास तिला बंदी होती, ते ती करीत नाही म्हणून तिचा दिवसाचा दर कमी धरणे, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो? अधिक तास थांबणाऱ्यास अधिक तासांचा मोबदला जरूर द्यावा. तासाचा दर मात्र एकच असला पाहिजे.

तिसरे म्हणणे सर्वांत साळसूद आहे: "एवढा अन्याय असता, तर या बायका बोलल्या नसत्या का?" खरे दुखणे या प्रश्नातच आहे. डिकॉस्टाबाईंच्या खटल्यातील एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्यांची नोकरी जून १९७७ मध्ये संपुष्टात आली होती आणि अर्ज त्यांनी त्यानंतर केला. या देशातील समान वेतनाचा सर्वांत गाजलेला खटला लढविणाऱ्या स्त्रीजवळ त्या वेळी गमावण्यासारखी नोकरीच उरली नव्हती! जिची नोकरी शाबूत आहे, ती बोलत नाही. कारण बोलण्याची किंमत तिला ठाऊक असते.

आणि ही किंमत वसूल करण्यास बडतर्फीचीसुद्धा गरज पडत नाही. 'बदली' हा एक शब्द पुरतो. २०१४ च्या अखेरीस केरळात त्रिशूर येथील एका साड्यांच्या दुकानात काही विक्रेत्या स्त्रिया संघटनेत सामील झाल्या. दिवसभर उभे राहावे लागते, क्षणभर टेकण्याची मुभा असावी, एवढे त्यांचे मागणे. त्यांच्या हाती दूरच्या शाखांत बदलीचे हुकूम पडले. तीन महिन्यांहून अधिक काळ त्या दुकानासमोर धरणे धरून बसल्या. केरळ सरकारने २०१८ साली दुकानांचा कायदा सुधारून बसण्याचा हक्क मान्य केला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तोच मार्ग धरला.

वाचकहो, बदली म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपली बदली झाली की प्रवासभत्ता मिळतो, सामानाचा खर्च मिळतो, रुजू होण्यास मुदत मिळते, मुलांना केंद्रीय विद्यालय असते. तरीही आपण महिनाभर कुरकुरतो. विक्रेत्या स्त्रीला यांपैकी काही मिळत नाही. पिण्या किंवा यशवंतपूर येथे राहणाऱ्या बाईला सोमवारपासून म्हैसूरच्या शाखेत हजर राहा असे सांगणे, म्हणजे तिला घरी बसविणेच होय. फरक इतकाच की राजीनाम्यावर सही तिची असते.

१९७६ च्या कायद्यात १९८७ साली दुरुस्ती होऊन बढती, प्रशिक्षण व बदली यांतील भेदभावालाही स्पष्ट मनाई झाली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता अमलात आली आणि तो कायदा गेला. संहितेत समान वेतनाचे तत्त्व आहेच. परंतु 'बदली' या स्पष्ट शब्दाच्या जागी 'नोकरीच्या अटी' असा व्यापक शब्दप्रयोग आला आहे. व्यापक शब्द उदार दिसतो, पण त्याचा अर्थ सिद्ध करण्याचे ओझे वाहावे लागते ते दुबळ्यालाच, हे फायलींवर आयुष्य काढणाऱ्या आपल्याला कळावयास हवे.

इंग्लंडात नेक्स्ट या कपड्यांच्या दुकानांतील साडेतीन हजारांवर विक्रेत्यांनी, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीविरुद्ध न्यायाधिकरणाचा निर्णय मिळविला. गोदामातील कामगारांपेक्षा त्यांना कमी दर मिळत होता. ते सर्व एकत्र होते, म्हणून टिकले. आपल्याकडील दुकानात पाच-सहा बायका असतात. त्यांतली एक बोलली की दुसऱ्या दिवशी चारच उरतात.

म्हणून माझे म्हणणे इतकेच: ज्या कायद्यात तक्रार करणाऱ्याचे संरक्षण नाही, तो समान वेतनाचा कायदा तेलावाचून दिवा होय. वेतनाविषयी तक्रार केल्यापासून वर्षभरात झालेली बदली, बडतर्फी वा कामाची कपात ही सूडाचीच मानावी, आणि तशी ती नाही हे मालकाने सिद्ध करावे, असा स्पष्ट नियम हवा. दुकानांची देखरेख राज्य सरकारकडे आहे, ती आपली फाईल नव्हे, हे मला मान्य आहे. पण गिऱ्हाईक तर आपणच आहोत! भावात घासाघीस करताना आपली जीभ अडखळत नाही. तीच जीभ एकदा मालकाला विचारू शकते की, घडी घालणाऱ्या या बाईंना आपण काय देता?