पोटातली सुई

आमच्या मोहल्ल्यातल्या एक खाला वजू करताना घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, यवतमाळला ऑपरेशन झालं. घरी आल्यावर पोटात रोज टोचायची सुई मुलाने बंद केली. कुणीतरी सांगितलं होतं, "त्यात डुकराचा अंश असतो."

ऐकलेलं खोटं नव्हतं. हेपरिन आणि त्यापासून बनणारं एनॉक्सापॅरिन डुकराच्या आतड्यांपासून काढतात. पण हीच सुई पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्यापासून वाचवते. गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जीव जाऊ शकतो. धोका ऑपरेशननंतरही बरेच दिवस राहतो, म्हणून हे औषध साधारण २८ ते ३५ दिवस देतात.

मग काय करावं? सुई परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावं. फोंडापॅरिनक्स ही सुई रसायनांपासून बनते. काही रुग्णांना गोळ्याही चालतात. कुणाला काय चालेल, हे डॉक्टरच ठरवतील. पर्यायच नसेल तर? नाइलाज झालेल्यावर गुनाह नाही, असं सूरह बकराची १७३वी आयत सांगते.

एका पायाची पोटरी सुजली, दुखली तर तेल लावून चोळू नका, लगेच दवाखान्यात दाखवा. अचानक दम लागला, छातीत दुखलं तर १०८ला फोन करा.

मुलाने डॉक्टरांना विचारलं. त्याच दिवशी खालांचं औषध पुन्हा सुरू झालं.