वाचनखूण कोणी ठेवावी?

मोठा ग्रंथ एका बैठकीत क्वचितच वाचून संपतो. म्हणून वाचक जेथे थांबतो, तेथे काहीतरी खूण ठेवितो. कोणी मोरपीस ठेवितो, कोणी दोरा, कोणी आगगाडीचे जुने तिकीट. काही जण पानाचा कोपराच दुमडतात. ती सवय वाईटच! ई-पुस्तकात मात्र अशी खूण स्वतः ठेवावी लागत नाही. घरी टॅबवर अर्धे सोडलेले प्रकरण प्रवासात मोबाईलवर त्याच जागी उघडते. २००७ साली अमेरिकेत किंडल हे वाचनयंत्र निघाले. २००९ साली त्यावरील पुस्तके आयफोनवरही वाचता येऊ लागली, आणि ही सोय हळूहळू लोकांच्या अंगवळणी पडली.

यात जादू काही नाही. अक्षरे मोठी केली की ई-पुस्तकाची पाने वाढतात, लहान केली की घटतात. तेव्हा पृष्ठांकाचा उपयोग नसतो. म्हणून यंत्र मजकुरातील स्थान मोजते व ते इंटरनेटवरून दूरच्या एका संगणकाकडे कळविते. दुसरे यंत्र पुस्तक उघडताना त्याच संगणकाकडे चौकशी करते.

परंतु उत्तर नेहमीच सरळ नसते. समजा, रहस्यकथा वाचणाऱ्या एखाद्या मुलीने उत्सुकता न आवरून शेवटचे प्रकरण पाहिले आणि ती मागे आली. सर्वांत पुढचे स्थान तेच खरे, असे मानणारे यंत्र तिला पुन्हा शेवटाकडेच नेईल. आवडते पुस्तक दुसऱ्यांदा वाचणाऱ्याचीही हीच गत. बरे, सर्वांत अलीकडचे स्थान खरे मानावे, तर धाकट्या भावाने त्याच खात्यावर ते पुस्तक सहज चाळले की ताईची खूण हरवली! यंत्रास आकडे कळतात, वाचकाचे मन कळत नाही.

म्हणून यंत्राने परस्पर पान न उलटता वाचकास विचारावे, हेच योग्य होय. किंडल तसे विचारते. केओरीडर या विनामूल्य ॲपमध्ये तर विचारून जावे, न विचारता जावे, की मुळीच जाऊ नये, हे वाचकच ठरवितो. असल्या प्रश्नांचा काही जणांना कंटाळा येतो. पण चुकलेली पन्नास पाने शोधण्यास त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट आहे. मोरपीस वाचकाच्या घरी असते; ही खूण परक्याच्या घरी असते. कोणते पुस्तक, किती वाचले, हे त्या संगणकास ठाऊक होते. तो बंद पडला तर? २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. ग्राहकांस पैसे परत मिळाले, टिपा लिहिणाऱ्यांच्या खात्यात २५ डॉलर अधिक जमा झाले. पण पुस्तके गेली. केओरीडरची खूण सांभाळणारा संगणक जाणकारास स्वतःच्या घरीही चालविता येतो. इतरांनी आपल्या मोलाच्या टिपा तरी साध्या वहीत उतरून घ्याव्यात.