दोन भाऱ्यांसाठी

चित्रा नक्षत्र. सकाळपासून कडक ऊन, वारा पडलेला, अंगाला नुसती चिकचिक. दुपारी दोनला पूर्वेला सह्याद्रीवर ढगांचे मनोरे चढायला लागले. पावणेचारला पहिला गडगडाट. आम्ही दीडलाच विळे ठेवून घरी आलो होतो. समोरच्या मळ्यात मात्र सात-आठ माणसं भारे बांधतच होती. दोनदा हाक मारली. उत्तर आलं, "दोनच भारे ऱ्हायलेत, आलोच!"

आजची नोंद त्या दोन भाऱ्यांवर आहे. कुणाला लागली तर लागू दे.

आधी हिशेब करू. आमच्याकडे एक भारा झोडला की सात-आठ किलो भात सुटतं. साधारण भाताचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. म्हणजे दोन भारे फार तर पावणेचारशे रुपयांचे, तेही हमीभाव पदरात पडला तर. आणि भिजले म्हणून ते मातीमोल होत नाहीत. दुसऱ्या दिवशी भारा सोडून उन्हात पसरला, दोनदा उलटापालटा केला, की बराचसा दाणा हाती येतो. थोडा काळा पडेल, भरडताना कणी जास्त होईल. नुकसान शे-दीडशेचं. तेवढ्यासाठी आपण ओल्या मळ्यात, चौफेर उघड्यावर, आसपासची सगळ्यात उंच वस्तू होऊन उभे राहतो.

हे मी शहाणपणा शिकवायला लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी हाच हिशेब मी चुकवलाय. बाया म्हणत होत्या, "दादा, आभाळ उतरलं, जाऊया." मीच म्हटलं, "दहा मिनिटं गं, एवढा कोपरा उरकू." अचानक गार वारा सुटला. बांधावरच्या ऐनाखाली बैलजोडी बांधलेली होती. वीज ऐनावर पडली. दोन्ही बैल जागेवर गेले. त्यांच्यापासून लांब उभी असलेली आमची काकी खाली कोसळली. ती वाचली, पण डाव्या कानाने तिला आजही ऐकू येत नाही. झाडावर पडलेली वीज मुळांतून जमिनीत पसरते आणि जनावराच्या पुढच्या पायातून शिरून मागच्या पायातून बाहेर पडते, हे मला नंतर कळलं. पायांत अंतर जितकं जास्त, तितका झटका मोठा. म्हणून झाडाखाली बांधलेली गुरं एकदमच जातात.

लोक म्हणाले, "नशीब." मी पण तेच म्हणत राहिलो, कारण नशिबावर ढकललं की माझी दहा मिनिटं कुणी मोजत नाही.

आता वादळाचं बघा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. ताशी 110 ते 120 किलोमीटरचा वारा. श्रीवर्धन-दिवेआगरपासून आमच्या दापोली-मंडणगड पट्ट्यापर्यंत नारळी-पोफळी आडव्या झाल्या, पिढ्यांच्या बागा एका दुपारीत गेल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं आणि उरलासुरला आंबा पाडून गेलं. पण दोन्ही वेळी आधी इशारा होता, किनाऱ्यावरची माणसं शाळांत नेली होती, होड्या ओढून घेतल्या होत्या. "माझी एवढी पोफळं आवरून येतो," असं म्हणत वादळात कुणी बागेत उभं राहिलं नाही. वादळाला आपण मानतो. विजेला मानत नाही, कारण ती एकेक माणूस उचलते. आज या वाडीत, परवा पलीकडच्या तालुक्यात. पाहणी दौरा येत नाही, पेपरात चार ओळी येतात. पण बेरीज करा : राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत 2022 या एका वर्षात देशात वीज पडून 2,887 माणसं गेली. नैसर्गिक आपत्तीत गेलेल्या दर तीन माणसांत एकाहून जास्त विजेने. यात शेतात राबणारी माणसं किती असतील, हे तुम्हाला-मला सांगायला नको.

आणि ही वीज काही न सांगता येत नाही. तिचं वेळापत्रक आपल्या म्हाताऱ्यांना पाठ होतं. आषाढात इथे एका दिवसात दोनशे मिलिमीटर कोसळतो, पण विजा तुरळक. तेव्हाचे ढग बहुतेक बुटके असतात, त्यांत बर्फ फारसा तयार होत नाही. मेमधला वळीव आणि परतीचा पाऊस यांचं तसं नाही. जमीन तापलेली, समुद्राकडून दमट हवा येते, ती सह्याद्रीच्या अंगाने वर चढते आणि ढग दहा किलोमीटरच्याही वर जातात. वर बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आपटून वीज साठते. दुपारी घाटावर गडगडतं, संध्याकाळपर्यंत तेच ढग किनाऱ्याकडे उतरतात. हस्त आणि चित्रा म्हणजे सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरचे तीन आठवडे, दुपारी दोन ते रात्री आठ. आमची हळवी भातं कापणीला येतात ती नेमकी याच दिवसांत.

मग "सांगून थोडीच येते?" हे कुठे बसतं? सांगूनच येते. आपण ऐकत नाही.

त्यापेक्षा आपण दुसरंच ऐकतो. पायाळू माणसावर वीज पडते म्हणे. अंगणात विळा-कोयता फेकला की ती तिकडे जाते म्हणे. एखाद्याला पायाळू म्हणून शेतातून घरी पाठवायचं आणि बाकीच्या दहा जणांनी आंब्याखाली उभं राहायचं, ही कसली अक्कल? वीज माणसाचा जन्म बघत नाही. उंच काय आणि उघड्यावर काय, ते बघते. मांगरावर चार खांब आणि पत्रा असेल, भिंती नसतील, तर तो पावसाचा आडोसा आहे, विजेचा नाही.

आता कृषी सल्ला देणाऱ्या मंडळींना दोन शब्द. ते हे पान वाचतात, म्हणून लिहितो. विजांचा इशारा असला की मोबाईलवर सल्ला येतो. त्यात पहिलं वाक्य काय? कापलेलं भात सुरक्षित ठिकाणी हलवा. मग काढलेल्या नाचणीचं, मग गुरांचं, आणि सगळ्यात खाली माणसाने झाडाखाली थांबू नये. हा मेसेज दुपारी तीनला आला तर शेतकरी काय करणार? पहिलं वाक्य वाचून मळ्याकडे पळणार! ज्या घटकेला त्याने घरात असायला हवं, त्याच घटकेला तुमचा सल्ला त्याला बाहेर काढतो. तुम्ही म्हणाल, खाली लिहिलेलं असतं. साहेब, खालपर्यंत वाचायला तो थांबत नाही. क्रम बदला. आधी माणूस, मग जनावर, मग पीक. आणि पीक हलवायचा सल्ला आदल्या संध्याकाळी द्या. दुपारच्या इशाऱ्यात एकच ओळ असू दे : विळा ठेवा, पक्क्या घरात जा.

कुणी म्हणेल, हळवं सोडा, गरवं लावा, दिवाळीनंतर कापा. आमच्या वरकसावर पाणी टिकत नाही, तिथे गरवं पोसत नाही. हळवं सुटणार नाही. बदलता येते ती कामाची वेळ.

सरकारचंही सांगतो. वीज पडून माणूस गेला तर वारसाला 4 लाख मिळतात. मिळायलाच हवेत. पण मेलेल्याला 4 लाख आहेत आणि जिवंत माणसाला धावत जाऊन शिरायला मळ्यात एक खोली नाही. आमच्या मळ्यातून जवळचं पक्कं घर पंधरा मिनिटांवर आहे. दर मोठ्या मळ्याच्या तोंडाशी दहा-बारा माणसं मावतील अशी, भिंती आणि स्लॅबची, वर वीजरोधक आणि नीट अर्थिंग असलेली एक खोली बांधा. पुढच्या ग्रामसभेत आम्ही हा विषय लेखी देणार आहोत. तुम्हीपण द्या.

तोपर्यंत आमच्या मळ्यात जे ठरलंय ते लिहितो.

हस्त-चित्रात कापणी सकाळी साडेसहाला सुरू, दीडला बंद. मजुरी पूर्ण दिवसाची. लवकर सोडल्याबद्दल कुणाचे पैसे कापायचे नाहीत, नाहीतर बाया थांबायचा हट्ट धरणारच.

सकाळी तेवढंच कापायचं, जेवढं दीडपर्यंत गोळा होईल. ताडपत्री पहाटेच मळ्यात नेऊन ठेवायची.

एकाच्या फोनवर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी अ‍ॅप. 20 आणि 40 किलोमीटरच्या टापूत वीज पडत असली की कळतं. रेंज नसेल तर कान आहेत. चमक दिसल्यापासून गडगडाटापर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला की निघायचं. गार वारा अंगावर आला तर मोजतही बसायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

गुरं झाडाखाली बांधायची नाहीत. पंपाच्या स्टार्टरला आणि तारेच्या कुंपणाला हात नाही.

कुणाला वीज लागलीच, तर त्याला शिवायला घाबरू नका, त्याच्या अंगात करंट राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला लागा आणि दुसऱ्याने 108 ला फोन करा. विजेने पडलेला प्रत्येक माणूस मेलेला नसतो.

समोरच्या मळ्यातली माणसं आज सुखरूप घरी गेली. चार वाजून वीस मिनिटांनी, भिजून, दोन भारे डोक्यावर घेऊन. उद्या सांगतील, "काय झालं? काही नाही झालं." मलापण त्या दिवसापर्यंत कधी काही झालं नव्हतं.

काकी अजून आमच्याकडे कापणीला येते. एका कानाने ऐकते, पण पहिला गडगडाट तिलाच आधी ऐकू येतो. विळा कमरेला खोचते आणि मला न विचारता चालायला लागते. आता आम्ही सगळे तिच्या मागून निघतो.

तुमच्याकडे कापणी किती वाजता थांबते, लिहा.